रंगवार लावलेल्या घागरी

ती रांग मी मोडली. गावातल्या कुणीही नाही, मीच.

दुष्काळाचं वर्ष होतं. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मी लोकप्रशासन शिकवायचो. एका परदेशी विद्यापीठाशी आमचा करार व्हायचा होता आणि त्यांच्या प्राध्यापिकाबाईंना गावपातळीवरचा कारभार दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी घाटनांदूरजवळचं एक गाव निवडलं. तिथे दूध सोसायटीसमोर सहकारी कारखान्याचा पाण्याचा टँकर यायचा.

बायका पहाटेच घागरी रांगेत ठेवून रोजगार हमीच्या कामावर जात. जिची घागर आधी, तिला पाणी आधी. इतका साधा नियम. मला मात्र ती रांग गबाळी दिसली. बाई यायच्या आत मी सगळ्या घागरी रंगाप्रमाणे लावल्या. आधी निळ्या, मग पिवळ्या, शेवटी लाल.

बाईंनी फोटो काढले. हा क्रम कसा ठरतो, असं विचारलं. "शास्त्रीय पद्धतीनं," मी म्हणालो.

टँकर आला तशा बायका धावत आल्या. पाहुण्यांसमोर गोंधळ नको म्हणून मी ड्रायव्हरला पुढून भरत यायला सांगितलं. लाल घागरवाली एक मावशी माझ्यासमोर उभी राहिली. "सर, माजी घागर तिसरी व्हती. घरी लेक बाळंत हाय. कावून हलिवली?"

"तू निळी घ्यायची व्हती की," मागून एकजण म्हणाली. "सायबाला निळा पसंत हाय."

लाल घागरींपर्यंत पाणी पुरलं नाही. ती काय म्हणतेय, असं बाईंनी विचारलं. मी सांगितलं, "आभार मानतेय."

करार झाला. पुढच्या वर्षी तिकडून जो अभ्यासक्रम आला, त्यात माझ्या घागरींवर अख्खं प्रकरण होतं, फोटोसकट. ते मी कित्येक वर्षं शिकवलं. फोटोतल्या लाल घागरींवर बोट ठेवून मुलांना शिस्त दाखवली. मग एकदा परीक्षेसाठी 'रंगाधारित वाटपाचे फायदे' या प्रश्नाचं नमुना उत्तर लिहायला बसलो, आणि पहिलाच फायदा सुचेना.

त्याच आठवड्यात त्या गावात गेलो. मावशी नुकतीच ऊसतोडीहून परतली होती. अंगणात तिची नात खेळत होती. आधी तिने मला ओळखलंच नाही. घागरींचं नाव काढल्यावर ओळखलं.

"आता कोन्ता रंग आनू, सर?" असं म्हणून तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो घेतला, पण तोंडाला लावायचा धीर होईना.

"मावशी, तुमची घागर तिसरी होती. ती मी हलवली. वर त्या बाईंना तुमचं बोलणं खोटं सांगितलं. माझं चुकलं. मला माफ करा."