पलंगाखालचा धूर

मुलगी पाच वर्षांची असताना तिला दम्याचा त्रास सुरू झाला. तिच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. तो कानावर पडला की हातातलं काम टाकून मी तिच्या पाठीला कान लावून बसायची. तेव्हा आम्ही बडोद्याला निजामपुऱ्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी शाळेत शिकवत होते, हे कारखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, "घरातली धूळ कमी करा. झाडूनं ती नुसती उडते. जमलं तर व्हॅक्यूम क्लीनर घ्या."

आठवडाभरात एक टायवाला विक्रेता घरी आला. त्यानं नळीच्या तोंडाला पांढरा रुमाल लावला आणि यंत्र मुलीच्या गादीवरून फिरवलं. रुमालावर काळपट गोल डाग उठला.

"जुओ बेन, बघा," तो म्हणाला, "तुमची बेबी रोज यावर झोपते."

पुढं त्याला काही बोलावंच लागलं नाही. यंत्राचं वजन किती, पिशवी कशी रिकामी करायची, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, यातलं काहीच मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी यंत्र घरात आलं.

त्यात धूळ साठायला एक कापडी पिशवी होती. पहिल्यांदा ती मी गॅलरीत झटकली, तर वाऱ्यानं सगळी धूळ परत घरात आणली आणि मुलगी संध्याकाळभर खोकत राहिली. तेव्हापासून त्या पिशवीला हात लावायचीच मला भीती वाटायला लागली. मुलगी शाळेत असताना झटकू म्हटलं, तर त्या वेळी मीही शाळेत. आज, उद्या करत तीन आठवडे गेले. यंत्र नीट ओढेना, चालू केलं की गरम वास यायचा. मला ते कळत होतं. तरी काम झालं की मी ते मुलीच्या पलंगाखाली सरकवून द्यायची.

नवरात्रात सासूबाई शहरातल्याच नागरवाड्यातून आमच्याकडे राहायला आल्या. नातीला त्रास नको म्हणून त्या धूप घरात न जाळता गॅलरीत जाळायच्या. एका सकाळी त्यांच्या हातून धुपाटणं कलंडलं आणि राख दारापर्यंत पसरली. त्या दिवशी मला आणि मुलीला सुट्टी होती. ती राखेतून पळत येईल या धास्तीनं मी घाईघाईनं यंत्र लावलं आणि सगळी राख ओढून घेतली. राख थंड वाटत होती. हात लावून पाहिलं नाही.

दुपारी मुलगी पलंगावर झोपली होती. सासूबाई बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत होत्या. मी स्वयंपाकघरात होते. केस जळल्यासारखा वास आला. आधी वाटलं, शेजारी काहीतरी करपलं असेल. वास वाढला तशी मी खोलीच्या दारात गेले. पलंगाच्या चारी बाजूंनी धूर वर येत होता आणि मधोमध माझी मुलगी झोपलेली.

मी हलले नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. मी दारातच उभी होते. सासूबाई मला बाजूला ढकलून आत शिरल्या. गुडघेदुखीमुळे ज्यांना खाली बसता येत नसे, त्यांनी मुलीला उचलून माझ्या अंगावर जवळजवळ टाकलं. "बाहेर जा आधी!" त्या ओरडल्या. मग वाकून नळी धरली आणि यंत्र फरफटत गॅलरीत नेलं. मागून बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज आला.

शेजारच्या बेननं रिक्षा थांबवली. मुलीच्या ओठांचा रंग बदलला होता. रस्ता पाच-सात मिनिटांचाच, पण प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईल की नाही याची मी वाट बघत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या तोंडावर वाफेचा मास्क लावला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आई, हात सोड ना, दुखतोय." तेव्हा कळलं, मी तिचं मनगट किती आवळून धरलं होतं.

घरी आलो तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. पण त्या रडत होत्या.

"राख माझ्या हातून सांडली गं."

"ओढली मी," मी म्हटलं. "आणि पिशवीसुद्धा भरलेली ठेवली."

त्यांनी मला जवळ घेतलं. मी दारात गोठून उभी होते, हे त्यांनी कुणालाच, माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही.

ह्यांनी ते यंत्र घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. मीही गेले. त्यानं झाकण उघडलं. आत जळका, ओला कापूस चिकटावा तसा लगदा होता. "मशीननो वांक नथी, बेन," तो म्हणाला. यंत्राची चूक नाही. राखेत निखारा जिवंत राहिला होता आणि तीन आठवड्यांच्या धुळीनं त्याला धरून ठेवलं होतं.

दुसरं यंत्र घ्यायला मी वर्षभर तयार नव्हते. शेवटी घेतलं ते दुकानात दोन तास उभं राहून. पिशवी तोंड बंद करून तशीच फेकता येईल असं, आणि मला एकटीला उचलता येईल इतकं हलकं. पिशवी अर्धी भरली की हे कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ती बदलायचे, मुलगी शाळेत असताना. फिल्टर धुऊन सावलीत दोन दिवस वाळवायचा, ओला बसवायचा नाही, हे मी मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. राख, काडेपेटीच्या काड्या, ओलं काहीही ओढायचं नाही. काम झालं की यंत्र तासभर गॅलरीत उघड्यावर. त्या तासात मी चार वेळा जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायची.

मुलीचा दमा हळूहळू कमी झाला. धूळ गेल्यामुळे की वय वाढल्यामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तिला ती दुपार आठवत नाही. गेल्या वर्षी मी तिला सगळं सांगितलं, मी दारात उभी राहिले तेही. ती म्हणाली, "आजी असती तर तिच्या पाया पडले असते." आणि उठून तिनं माझ्यासाठी पाणी आणलं.