मळ न दिसणारी कढई

भजी खाणाऱ्यानं कढई निवडू नये. घासणारीनं निवडावी. एवढी साधी गोष्ट आमच्या घरातल्या दोन शहाण्या पुरुषांना कळली नाही, आणि त्याचा संताप माझे केस पांढरे झाले तरी गेलेला नाही. जाऊही नये.

सत्तर सालाच्या आगेमागे मी लग्न होऊन नागपुरात आले. सासर विणकराचं. पुढच्या खोलीत दोन माग, एकावर सासरे, एकावर नवरा. सांधणी माझ्याकडे. मागावरचा जुना ताणा संपत आला की त्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचा धागा बोटांनी पीळ देऊन जोडायचा, ती सांधणी. सुताची कोणीही करील. लुगड्याच्या रेशमी काठाची करायला मात्र बोटांची टोकं मऊ लागतात. टोकाला बारीकशी भेग असली तरी रेशीम तिच्यात अडकतं, लव सुटते, आणि काठ विणून झाल्यावर ती लव आंधळ्यालाही दिसते. ही विद्या मी माहेरून आणली होती. मी आले म्हणून इतवारी बाजारातला शेठ आमच्याकडे विणायला रेशीम द्यायला लागला. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, बाकी सगळं त्यांचं.

आणि त्याच घरात रोज तळण. सासऱ्यांना, मी त्यांना मामाजी म्हणायची, संध्याकाळच्या चहाबरोबर भजे लागत. कधी कांद्याचे, कधी आलूचे, कधी मिरचीचे. एकटे खातील तर शपथ. गल्लीतले चार रिकामटेकडे ओट्यावर येऊन बसलेलेच असायचे. लकडगंजातल्या आरामशिनींवरून भुसा आणायचा, शेगडीत ठासून भरायचा आणि त्यावर ती आजेसासऱ्यांच्या वेळची लोखंडी कढई चढवायची. आतून तेलाचं किटण, बाहेरून भुश्याची काजळी. राख, विटेचा चुरा, नारळाची शेंडी, सगळं घेऊन मी मोरीत बसायची. कानांच्या खिळ्यांभोवती तर असं किटण बसलेलं की नखं मोडत. बोटं फाटली. रात्री खोबरेल लावायचं, सकाळी भेगा जशाच्या तशा.

एका खेपेला शेठनं लुगड्याच्या काठावर बोट फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काठाले लव आहे," म्हणाला. "अजून एक ताणा देतो. तोही असाच आला तर रेशीम बंद. सूत विणा मग." मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम बोटं ब्लेडनं कापून घेतली होती!

त्या दिवशी मी तोंड उघडलं. नवऱ्याला म्हटलं, मला घासायला सोपी कढई आणून द्या. कशी, तेही सांगितलं. ओतीव जर्मनची. अॅल्युमिनियमला आम्ही जर्मन म्हणतो. आतून गुळगुळीत, कान अंगचेच, म्हणजे खिळ्याची भानगड नाही. तोंड एवढं रुंद की हात आत फिरेल. वजनाला हलकी, एका हातानं उचलता येईल अशी. नवऱ्यानं मान डोलावली. मी म्हटलं, मीच येते दुकानात. मामाजी म्हणाले, "घरच्या सुनेनं इतवारीत जाऊन भाव करावा? आमी काय मेलो हाओ?"

गेले दोघं. दुपारभर भांड्यांच्या दुकानांतून हिंडून, कोणाकडे तरी चहा पिऊन परत आले. नवऱ्यानं पिशवीतून कढई काढली आणि मी कपाळावर हात मारला. पितळेची, ठोक्याची. म्हणजे हातोडीनं ठोकून ठोकून अंगभर खळगे पाडलेली. आतून खळगे, बाहेरून खळगे, कानांना चार-चार खिळे, आणि वजन असं की दोन हातांनी उचलताना कमरेत कळ यावी.

"हे काय आणलं?"

"तूच म्हटली ना, साफ ठेवायले सोपी," नवरा म्हणाला. "दुकानदारानं सांगतलं, ठोक्याची घ्या, मळ दिसतच नाही."

मळ दिसत नाही! मळ निघत नाही आणि मळ दिसत नाही, यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं आयुष्यात एक चमचासुद्धा विसळलेला नसतो. "अन् पितळीतले भजे कसे लाल येतात, पाहाजो," मामाजी म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं?

मी म्हटलं, परत करा. नवरा चुळबुळ करायला लागला. मग मला दिसलं. भांडं विकत घेतलं की दुकानदार छिन्नीनं टकटक करून त्यावर मालकाचं नाव घालून देतो. एकदा नाव पडलं की ते भांडं कोणी परत घेत नाही. कढईच्या काठावर मामाजींचं नाव होतं, आडनावासकट, चांगलं ठळक. नावाच्या अक्षरांत पीठ अडकणार ते वेगळंच.

मी आतल्या आत जळत राहिले. चारच दिवसांत आखाड तळायचा आला. आषाढात घरोघर तळण करून एकमेकांकडे द्यायची आमच्याकडे रीत. गुळाचे बोंड, तिखट पुऱ्या, आलूभजे. सकाळपासून मी आणि सासू शेगडीपुढे होतो. सासू तशी अबोल बाई. नवऱ्यापुढे नाही, पोरापुढे नाही, कोणापुढेच तिचा आवाज निघत नसे. माणसं आली, खाऊन गेली, कढईचं कौतुक करून गेली. आणि शेठचा तो शेवटचा रेशमी ताणा मागावर चढवलेला होता, दुसऱ्या दिवशी सांधायचा.

संध्याकाळी कढई थंड झाली. प्रत्येक खळग्यात गुळाचा पाक आणि जळकं तेल. नवरा म्हणाला, "भिजत टाक, नाही तर निघणार नाही." म्हणजे तेही ठाऊक होतं तर!

मी कढई दोन्ही हातांनी उचलली, ओट्यावर नेली आणि मामाजींच्या पुढ्यात दणकन आपटली. "मामाजी, कढईवर तुमचं नाव आहे. तुमीच घासा."

नवरा ओरडला, "बापाले बोलून राहिली? लाज नाही वाटत?"

"नाही वाटत. काहून वाटावी?"

मामाजी उठले, चपला घातल्या आणि चौकात निघून गेले. नवरा त्यांच्या मागे. कढई तिथंच. मी ठरवलं, कुजू दे मेली. हात लावणार नाही.

सकाळी उठले तर मोरीतून खरखर ऐकू आली. सासू राख घेऊन बसली होती. खिळ्यांभोवती काडी फिरवत होती. मी धावत जाऊन कढई ओढायला लागले. म्हटलं, "आई, ठेवा ते. त्यांनाच घासू द्या."

"ते घासतीन व्हय?" ती म्हणाली. मग तिनं बोटं माझ्यापुढे धरली. टोकं काळी, चिरलेली, लाकडासारखी. "मीबी रेशीमच सांधत होती वं. लग्न होऊन आली तवा. माहे बोट गेले. तू जाय, सांध."

मला रडू यायला हवं होतं. राग आला. त्या माणसांवर, त्या कढईवर, आणि गपगुमान राख उचलणाऱ्या तिच्यावरही. पण मी गेले. मागापाशी बसले आणि काठाचा एकेक धागा जोडला. बाहेर खरखर चालूच होती. मामाजी आंघोळ करून आले, कालच्या पुऱ्या घेऊन बसले आणि चहा मागितला.

लुगडं झालं. शेठनं काठावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "वा," म्हणाला, "याले म्हणतात काम," आणि मामाजींच्या पाठीवर थाप मारली. मामाजींनी ती थाप घेतली. सासू आतल्या दारात उभी होती. ती हसली. मला ते हसू तेव्हा सहन झालं नाही, आजही होत नाही.