शेकाट्याचा लाल डोळा

ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं आणि तेवढाच काळ ह्यांची दुर्बीण खुंटीला टांगलेली होती. संक्रांतीला माझी नणंद कमलताई पाचोडहून आली. तिनं ती खाली काढून पदरानं पुसली.

"वैनी, उद्या जायकवाडीला जायचं."

"गुडघे दुखतात गं माझे."

"पाण्याकाठी बसायचंय, डोंगर नाय चढायचा!"

ज्यांना जायचंय त्यांनी पहाटेच निघावं. आम्ही क्रांती चौकात चहा घेतला आणि ठरवलेल्या गाडीत बसलो. पैठणची एसटी मुख्य रस्त्यावर सोडते, तिथून काठापर्यंत बरीच पायपीट आहे, म्हणून गुडघेवाल्यांनी गाडीच करावी. ढोरकीनच्या पुढे उजवीकडे कच्च्या रस्त्याला लागलं की वाऱ्यालाच पाण्याचा वास येतो. जोडे जुने घाला, गाळ कुणाची भीड ठेवत नाही.

ह्याच रस्त्यानं आम्ही दोघं स्कूटरवरून यायचो. मांडीवर डबा, गळ्यात दुर्बीण. खड्डा आला की हे ओरडायचे, "दुर्बीण सांभाळ!" माझ्या कमरेची चौकशी कधी झाली नाही. आज गाडीत एकही दणका बसला नाही आणि मला तो खड्डा फार आठवला.

दुर्बीण जुन्या धाटणीची. दोन्ही भिंगांना फिरवायच्या वेगवेगळ्या चकत्या, दोन्ही ह्यांच्या नंबराला बसवलेल्या. मला चकत्यांना हात लावायची सक्त मनाई. "हललं की माझा नंबर गेला!" त्यामुळे इतकी वर्षं मी सगळे पक्षी धुक्यातलेच बघितले. हे मात्र प्रत्येक वेळी विचारायचे, "शेकाट्याचा डोळा दिसला का? गुंजेसारखा लाल आहे बघ." मला लांब काड्यांवर ठेवलेला कापूस दिसायचा.

काठावर एक कोळी जाळं सांधत बसला होता. "औंदा पाणी लई हाय. रोहित पार पल्याड गेलेत," तो म्हणाला. "शेकाटे हैत इथंच, उथळात."

दूरवर रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, गुलाबी रेघ होती. आम्ही बांधावर बसलो, बाजरीची भाकरी आणि ठेचा सोडला. मी दुर्बीण डोळ्याला लावली.

"दिसतंय का?" कमलताईनं विचारलं.

"धूसर."

"मग फिरवा की त्या चकत्या."

"नको. ह्यांचा नंबर आहे तो. एकदा गेला की कुठून आणू?"

माणूस गेला, कपडे वाटून टाकले. ह्यांनी जग कसं बघितलं, तेवढं ह्या दोन चकत्यांत उरलं होतं. ते माझ्या हातानं मोडायचं मला धाडस होत नव्हतं.

कमलताईनं दुर्बीण माझ्या हातातून घेतली. मग तिनं कपाळावरची टिकली काढली आणि एका चकतीवर, दुर्बिणीवरच्या खुणेसमोर, घट्ट दाबून चिकटवली. दुसरीसाठी पर्समधल्या पाकिटातून उरलेली शेवटची काढली.

"हा राहिला भावाचा नंबर. पाहिजे तवा टिकलीवर आणा. आता बघा."

मी दुर्बीण परत डोळ्याला लावली. चकत्या फिरवल्या. आधी पाण्यावरच्या बारीक लाटा आल्या, मग गुलाबी पाय, काळे पंख. शेकाट्यानं मान वळवली आणि डोळा दिसला. खरंच गुंजेसारखा. मग सगळं पुन्हा धूसर झालं.

"डोळे पुसा आधी," कमलताई म्हणाली, "नंबराचा दोष नाय तो."

परतताना बिडकीनजवळ हुरडा खाल्ला. कमलताईचं कपाळ मोकळंच. मी म्हटलं, घरी काय सांगशील? "म्हनीन, भावाच्या डोळ्याला लावून आले!" दोघी इतक्या हसलो की हुरड्यावाला बघत राहिला.

दुर्बीण आता गॅलरीत असते. सकाळी समोरच्या लिंबावर इवलासा शिंजीर पक्षी येतो. मी चकत्या आधी टिकलीवर आणते आणि एकदा ह्यांच्या नंबरातून बघते. धूसर हिरवं काहीतरी हलतं, आणि मला ऐकू येतं, "दिसला का?"

मग माझ्या नंबरावर फिरवते आणि मोठ्यानं सांगते, "दिसला."