पाणियाऱ्यावरची शेगडी

अमानवीय वगैरे प्रकारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सुरतेत एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. अशा बातम्या आल्या की मी त्या न वाचताच बाजूला टाकायचो. इथे लिहितोय ते फक्त मी पाहिलेलं आणि समोर ऐकलेलं.

१९९६च्या आसपासची गोष्ट. आम्ही मूळचे जळगावचे. माझी थोरली बहीण आणि बँकेत असलेले दाजी यांनी नानपुऱ्यात एक जुनं सागवानी घर घेतलं. विकणारं सुरती कुटुंब मुंबईला गेलं होतं. दर्शनी भागाचं कोरीव काम, लाकडी जिना, वासे तसेच ठेवायचे आणि आत बाथरूम, ट्यूबलाइट, उभ्याने स्वयंपाक करायची सोय... असा बेत होता.

मागच्या खोलीत भिंतीलगत दगडी कट्टा होता, वर काजळीने काळा झालेला कोनाडा. "एवढं काळं म्हणजे चूल इथेच असणार," दाजी म्हणाले. कट्ट्यावर ग्रॅनाइट बसवलं आणि गॅसची शेगडी तिथे आली.

एक गोष्ट सांगायला हवी – एका आजारानंतर ताईला वास येत नाही. कसलाच.

राहायला गेल्यावर काही दिवसांतच दाजी दुपारी जेवायला आले, तर घरभर गॅस. शेगडी विझलेली, नॉब चालू, आणि ताई शेजारी बसून शांतपणे मेथी निवडत होती. बर्नर ओला होता.

"वरण उतू गेलं असेल," दाजी म्हणाले.

पातेलं अर्धंही भरलेलं नव्हतं.

मग पुन्हा तेच झालं. दाजींनी प्लंबर आणला. त्या बाजूला पाइपच नव्हता. छत कोरडं, भिंत कोरडी.

शेजारच्या कोकिलाबेन चौकशीला आल्या आणि दारातच थबकल्या. "अरे बेन, अहीं चूलो मूक्यो? आ तो पाणियारुं छे!"

पाणियारुं म्हणजे पिण्याच्या पाण्याचे हंडे-माठ ठेवायची जागा. तिथेच पितरांचा दिवा लावतात, असं त्यांनी सांगितलं. काजळी त्या दिव्याची होती.

त्या गेल्यावर दाजी हसले. "आता काय ग्रॅनाइट फोडू? आपले पितर जळगावला. हे ज्यांचे आहेत त्यांनी मुंबईला न्यावेत."

"हसा तुम्ही," ताई म्हणाली. "दिवसभर घरात मी एकटी असते."

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी शेगडीसमोर खुर्ची टाकून बसलो. भरदुपार. खिडकी बंद, पंखा बंद. ताईने दूध तापत ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून कणीक मळायला घेतली. आमच्या मामेबहिणीच्या लग्नातल्या मानपानाबद्दल ती सांगत होती. मी ज्योतीवरून नजर हलवली नाही.

चर्र आवाज झाला... तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा. ज्योत गेली.

मी पातेलं उचललं. दूध काठापासून बरंच खाली होतं. बर्नर पाण्याने भरला होता. ग्रॅनाइटवर मात्र एक थेंब नाही. बोट लावलं – माठातल्यासारखं गार पाणी. गॅसचा वास नाकात शिरत होता आणि ताई मागे बोलतच होती. "...आणि वर म्हणतात, साडी साधीच दिली!"

मी रेग्युलेटर बंद केला.

"काय रे, दूध का उतरवलंस?"

"ताई, आधी बाहेर चल."

दुधाच्या वाफेचं पाणी होऊन बर्नरमध्ये पडलं असेल, असं कारण दाजींनी संध्याकाळी दिलं. "काय पत्रकार, उद्याची हेडलाइन का?" असंही विचारलं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः शेगडी समोरच्या भिंतीकडे हलवली. ग्रॅनाइटवर माठ ठेवले. त्यानंतर ते त्या घरात बरीच वर्षं राहिले. शेगडी पुन्हा कधी विझली नाही.

हे कसं घडलं याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. एकदा मी ताईला विचारलं, "पितर होते म्हणावं, तर तुझ्या जिवावर का उठले?"

ती माठ भरत होती. "जिवावर कसले रे... त्यांच्या काळी चुलीवर पाणी ओतलं की संपलं. गॅस विझला तरी येतच राहतो, हे त्यांना कोण सांगणार?"