मयुरीचा डिस्चार्ज

आमच्या घरात भगत, उतारा, नजर... सगळं चालतं, आणि या सगळ्यावर हसणारा मी एकटा. धंदाच तसा आहे. भिवंडीतल्या छोट्या हॉस्पिटलांची, गोडाऊनांची सॉफ्टवेअर सांभाळतो. कॉम्प्युटरमध्ये काहीही बिघडलं तरी त्याला कारण असतं, आज नाही तर उद्या सापडतं, यावर माझा अजूनही विश्वास आहे. म्हणजे — एक गोष्ट सोडून. ती इथे लिहितोय, कारण घरी तो विषय काढला की आय मला बोलूच देत नाही.

गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण मयुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दापोड्याजवळ आमचं गाव. कामतघरच्या एका नर्सिंग होममध्ये सिझेरियन झालं, मुलगी झाली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तिथलं सॉफ्टवेअर माझंच आहे एवढं पुरे. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर मॅडमनी टाके बघितले आणि "घेऊन जा" म्हणाल्या.

आता आम्हा आगऱ्यांत पाचवी म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. बाळाच्या पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, अशी समजूत. त्यामुळे पूजा, गाणी, मटण, अख्खी भावकी जमते. बाळ आणि बाळंतीण त्या दिवशी घरात हवीतच. आयनं पूजेचा पाटा-वरवंटा घासून ठेवला होता, मी दापोड्याच्या नाक्यावर नारळ घेत होतो — आणि हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या शबानाचा फोन.

"भैया, दीदी का डिस्चार्ज नहीं निकल रहा. एरर आ रहा है."

गेलो तसाच. मयुरीचा नवरा, आमचे भावोजी, गाडी खाली लावून काउंटरपाशी उभे. मला बघून म्हणाले, "दादा, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?" मी म्हटलं, पाच मिनिटं द्या.

एरर साधा होता. डेटाबेसमध्ये एखाद्या पेशंटच्या नोंदीवर कोणी काही लिहीत असेल, तर त्याचं संपेपर्यंत दुसऱ्याला ती नोंद बदलता येत नाही. याला लॉक म्हणतात. कुणीतरी मयुरीची नोंद लिहायला उघडून बसलं होतं, म्हणून डिस्चार्ज सेव्ह होत नव्हता. रोजचा प्रकार आहे. कोण बसलंय ते बघायचं, त्याला बाहेर काढायचं, संपलं.

बघितलं. लॉगिन माझंच होतं.

मी तर आत्ता येऊन बसलो होतो आणि माझा लॅपटॉप घरी कपाटात. चरफडत ते लॉगिन बाहेर काढलं. शबानानं सेव्ह दाबलं... परत तोच एरर. परत माझंच नाव, तीच नोंद. पासवर्ड बदलला. तेच. वायफाय बंद केलं, नेटवर्कची वायर उपटली, म्हणजे बाहेरून कोणी येणंच शक्य नाही. तरी माझं लॉगिन तिथेच! जिन्याखालच्या कपाटात त्यांचा सर्व्हर आहे. तो पूर्ण बंद करून चालू केला. रीस्टार्टनंतर जुना लॉक राहूच शकत नाही, हे कुठलंही शिकाऊ पोरगं सांगेल. चालू झाल्यावर कोण-कोण जोडलेलं आहे त्याची यादी उघडली, तर त्यात पहिलं कनेक्शन तेच. तोवर दुसऱ्या दोन बायकांचे डिस्चार्ज धडाधड निघाले आणि त्या आपापली बाळं घेऊन गेल्यासुद्धा. अडकली होती ती फक्त मयुरी.

बाजूच्या पॉवरलूमची खटखट, खाली रिक्षांचे हॉर्न, आणि त्यात आयचे फोनवर फोन. "पाचवी हाय ना आज! कवा आनतंस पोरीला? लोकं यायला लागली!" मॅडमना म्हटलं, डिस्चार्ज कार्ड हातानं लिहून द्या. त्या ऐकेनात. एकदा हातानं लिहिलेल्या कार्डावर औषधाचा घोळ झालेला, तेव्हापासून सिस्टिममधून आल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही हा त्यांचा नियम. आणि तो नियम सॉफ्टवेअरमध्ये घालणारा कोण? मीच. भावोजी आता मस्करी करत नव्हते. "निघतो आम्ही, कार्ड नंतर पाठवा," म्हणाले, बॅगासुद्धा उचलल्या. मयुरी वरच्या वॉर्डात साडी नेसून, बाळाला दुपट्यात गुंडाळून तयार बसलेली. मी हात जोडले. भावोजी, शेवटचा एक प्रयत्न करतो, थांबा.

मी सर्व्हरशी डोकं फोडत होतो, तेवढ्यात वरून सिस्टरची हाक आली. नुसती हाक नव्हती ती... अजून कानात आहे.

मयुरी बाथरूमला जायला उठली आणि रक्त सुरू झालं ते थांबेना. मी वर पोहोचलो तेव्हा साडी, फरशी, सगळं... जाऊ दे. मॅडम ओपीडी टाकून धावत आल्या आणि तिला थिएटरमध्ये घेतलं. भावोजी बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकून बसले. मी देवाला न मानणारा माणूस, त्या बाकड्यावर बसून कुणाकुणाची नावं घेत होतो ते माझं मला माहीत.

वाचली. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, पण वाचली.

बाहेर आल्यावर मॅडमनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "वेळेवर निघाला असतात तर रक्त सुरू झालं तेव्हा कुठे असतात?" मी म्हटलं, अंजूरफाट्याला. तिथे कंटेनरच्या रांगेत रुग्णवाहिकासुद्धा हलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या सगळ्या धावपळीत मी सर्व्हरला हात लावला नव्हता. सिस्टरनी ऑपरेशनची माहिती टाकायला मयुरीची नोंद उघडली आणि ती एका झटक्यात सेव्ह झाली. मी खाली येऊन बघितलं, तर लॉक नाही, माझ्या नावाचं कनेक्शन नाही, काहीच नाही.

पुण्याला माझा एक मित्र डेटाबेसचंच काम करतो. त्याला सगळे लॉग पाठवले. आधी फोनवर हसला, "तुझाच कुठला तरी प्रोग्राम अडकला असणार." एकाच पेशंटवर? रीस्टार्टनंतरही? "बघून सांगतो," म्हणाला. अजून बघतोच आहे.

आयचं उत्तर तयार होतं. "सटवाय लिवत व्हती. तुला कशी काढू देल?"

"आये, सटवाई माझा पासवर्ड घेऊन कशाला येईल?" मी म्हटलं. ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

बारशाला मयुरी माझ्या पाया पडायला वाकली. "दादा, तू अडवलंस म्हणून," म्हणाली आणि रडायला लागली. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. आणि मी? मी तिला घरी पाठवायला जिवाचा आटापिटा करत होतो! माझ्या कामात मी थोडा आणखी हुशार असतो, तर माझी बहीण रस्त्यात गेली असती. हा विचार जेवताना येतो, गाडी चालवताना येतो. कुणापाशी बोलू?

कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर खरंच सांगा, मी उपकार मानीन.

परवा परत शबानाचा फोन आला. एका आजीबाईंचा डिस्चार्ज अडकलेला, तोच एरर. मी जाऊन बघितलं. या वेळी लॉगिन शबानाचं होतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिनंच विंडो उघडी ठेवली होती. स्वच्छ कारण. आजीबाईंचा मुलगा काउंटरवर हात आपटत होता. एक बटण दाबायचं होतं. मी ते दाबलं नाही.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, मॅडम, नोंद अडकली आहे... काढू का?

मला वाटलं, वेड्यात काढतील. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला, स्टेथोस्कोप उचलला आणि म्हणाल्या, "थांब. आधी मी त्यांना एकदा बघून येते."