महादेव घाटावर ऐकू आलेला दुसरा आवाज

भुताखेताचं कोणी बोलायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये लॅबला आहे. रिपोर्टमध्ये येईल तेवढंच खरं. तरी हे लिहून राहिलो…

आम्ही रायपूरला तात्यापाऱ्यात राहतो, मूळचे भंडाऱ्याकडचे. माझा मोठा भाऊ, दादा, दर रविवारी सकाळी लोकांना जुनं रायपूर दाखवायचा. बूढ़ा तालाब, राजांचा किल्ला होता ती जागा, आणि शेवटी खारून नदीवरचा महादेव घाट. मागच्या हिवाळ्यात तो हार्ट अटॅकनं गेला. मी रडलो नाही. जेवत होतो, ड्युटीवर जात होतो… आत काहीच हलत नव्हतं.

नागपूरहून एक ग्रुप यायचं आधीच ठरलेलं होतं. वहिनी म्हणाल्या, तुम्हीच घेऊन जा भाऊजी. गेलो. पाठ केल्यासारखं बोललो. घाटावरचं महादेवाचं मंदिर नागपूरच्या भोसल्यांनी बांधलं, असंही सांगून टाकलं.

नंतर ग्रुपमधल्या एक रिटायर्ड शिक्षिका मुलीचा हात धरून आल्या. त्यांना दिसत नव्हतं. म्हणाल्या, "तुम्ही दोघं छान सांगता."

मी विचारलं, दोघं कोण?

"तुमच्या बाजूचे. त्यांनी टोकलं ना तुम्हाला — मंदिर भोसल्यांच्या आधीचं, हैहय राजांच्या वेळचं. सगळंच आपलं नसते रे बाबू, असं म्हणाले."

मुलगी ओशाळली. सर एकटेच होते, असं आईला हळूच म्हणाली.

मला बाबू फक्त दादा म्हणायचा. आणि मंदिराबद्दलची चूक खरंच माझी होती. घरी येऊन पुस्तकात पाहिलं. भीती नाही वाटली. हात धुतले, वरणभात जेवलो, झोपलो.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीनं घाटावरचा व्हिडिओ पाठवला. त्यात आवाज माझा एकट्याचाच आहे. पण मंदिरापाशी मी बोलता बोलता थांबतो. उजवीकडे बघत राहतो… तिकडे कोणी नाही. मग मान हलवून स्पष्ट म्हणतो, "हव दादा."

मला यातलं काहीच आठवत नाही.

वहिनींनी माझा फोन कानाला लावून तो व्हिडिओ परत परत ऐकला. शेवटी म्हणाल्या, "मले काहून नाही ऐकू येत?"