शिवेपलीकडची उशी

लिटल ॲशकममध्ये थिर्झा पेन्फोल्डला सगळे मावशी म्हणत आणि शक्यतो तिच्या वाटेला जात नसत. मी तिची शेजारीण. माझा पाव फुगला नाही, की कुंपणावरून तिचा शेरा ठरलेला.

तिचा नवरा एमॉस चर्चच्या आवारात यूच्या झाडाखाली पुरलेला. त्याच्या शेजारची जागा आपली, हे मावशीने गृहीतच धरलं होतं. मग नवे पाद्री आले, मिस्टर लव्हिबाँड, काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन.

"मिसेस पेन्फोल्ड, कसं सांगू... नकाशाप्रमाणे तुमचं घर शिवेपलीकडे येतं. तुम्ही शेजारच्या वरच्या कोम गावच्या. आवारात अकराच जागा उरल्यात, त्या गावच्याच माणसांना द्यायच्या."

"म्हणजे एमॉस इथे, आणि मी त्या पाणचट सायडर पिणाऱ्यांच्यात?"

"नियम आहे हो."

"पाद्रीसाहेब, मी सात वर्षांची असताना शिवेची फेरी निघाली होती. दगडादगडापाशी एकेका पोराला उलटं धरून डोकं आपटायचे, शीव विसरू नये म्हणून. आमच्या परसातल्या नासपतीखालचा दगड माझ्या वाट्याला आला. हे एवढं टेंगूळ! मी नाही विसरले."

"दगड दाखवा, मी मानतो."

नासपती पडून साठ वर्षं झालेली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशीने फावडं घेतलं, खुराडं सरकवलं आणि तीन दिवस खणत राहिली.

"मावशी, कंबर मोडेल."

"मोडली तर जागा लवकर लागेल. चहात साखर घाल."

चौथ्या सकाळी ती फावडं टेकून घराच्या भिंतीकडे बघत राहिली. "अगं, नासपती होती तेव्हा ही झोपायची खोली कुठे होती? बापानं मागून वाढवली!"

आम्ही कोपऱ्यातल्या फळ्या उचकटल्या. खाली दगड होता, माथ्यावर क्रूस कोरलेला. मावशीने त्यावर तळहात ठेवला. "हाच मेला."

पाद्री आले. गुडघे टेकून त्यांनी दगडापासून ओढ्याकाठच्या दुसऱ्या दगडाच्या दिशेने दोरी ताणली. चूल आमच्या गावात आली. पलंग मात्र मधोमध कापला गेला, आणि उशी पलीकडे.

पाद्रींनी नाक चोळलं. "जुन्या काळी म्हणे अशा वेळी रात्री डोकं कुठे टेकतं, ते बघायचे."

मावशीने एकदा उशीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"बाह्या सरसावा, साहेब. पलंगाचा तो पाय तुम्ही धरा. अगं, तू हा."

पलंग उलटा फिरला. डोक्याकडची उंच फळी कपाटाला अशी भिडली, की त्याचं दारच उघडेना. पुढची सात वर्षं तिचे कपडे स्वयंपाकघरात खुंटीवर लोंबत होते. कुणी विचारलं तर म्हणायची, "पाय जातात की तिकडे. कोमवाल्यांना लाथा घालायला बरं."

ती गेली त्या सकाळी मी पाद्रींना बोलावलं. टोपी हातात धरून ते दारातच थांबले. त्यांनी एवढंच विचारलं, "उशी?"

"जागच्या जागी," मी म्हटलं.

दुपारी यूच्या झाडाखाली खणायला सुरुवात झाली.